बिशप कोलेन्सो: पंचग्रंथाचा टीकाकार की झुलूंचा सोबान्तू?

जुनी_वही (धागाकर्ता)

कोलेन्सो हे नाव आपल्याकडे बहुतेकांना गांधीजींच्या चरित्रातून माहीत असतं. १५ डिसेंबर १८९९ ची कोलेन्सोची लढाई आणि तिथल्या जखमींना वाहून नेणारं हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक. तुगेला नदीकाठच्या त्या गावाला ज्याचं नाव दिलं गेलं, तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल या ब्रिटिश वसाहतीचा पहिला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचा) बिशप जॉन विल्यम कोलेन्सो मात्र सहसा कुणाच्या वाचनात येत नाही. त्याच्यासाठी हा धागा.

आधी थोडक्यात आयुष्य. जन्म २४ जानेवारी १८१४, कॉर्नवॉलमधलं सेंट ऑस्टेल. वडिलांचा पैसा कथलाच्या खाणीत बुडाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात तो ‘सायझर’ म्हणून, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांच्या सवलतीवर शिकला आणि १८३६ मध्ये दुसरा रँग्लर झाला. रँग्लर म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. आपले रँग्लर परांजपे याच कॉलेजचे. पुढे हॅरो शाळेत गणित शिकवताना आगीत नुकसान झालं, डोक्यावर कर्ज चढलं. शाळांसाठी लिहिलेल्या अंकगणित-बीजगणिताच्या पुस्तकांनी ते फेडायला हातभार लावला. १८४६ मध्ये नॉरफोकमधल्या फॉर्नसेट गावचा धर्मगुरू, ३० नोव्हेंबर १८५३ ला नातालचा बिशप. १८६१ मध्ये बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं भाष्य, १८६२ मध्ये पंचग्रंथावरच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरच्या, टीकेचा पहिला भाग, १८६३ मध्ये केप टाउनला धर्मखटला, १८६६ मध्ये चर्चमधून बहिष्कार. मृत्यू २० जून १८८३, डर्बन.

माझं मत असं: जगभर गाजलं ते पंचग्रंथाचं प्रकरण, पण त्याच्या कामातला सगळ्यात कच्चा भाग तोच. खरा कोलेन्सो १८७३ नंतर दिसतो, लांगालिबालेले या टोळीप्रमुखाच्या खटल्यात आणि १८७९ च्या झुलू युद्धाच्या वेळी. जाणकारांनी लिहावं.

पाटीपेन्सिल

‘कच्चा’ या शब्दाला माझी हरकत आहे. त्याने नेमकं काय केलं ते आधी मांडू या, मग ठरवू.

पंचग्रंथातल्या निर्गम आणि गणना या पुस्तकांत मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांचा आकडा पक्का दिलेला आहे: लढाईला जाण्याजोगे, वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०. बायकामुलं, म्हातारे धरून एकूण वीस लाखांच्या घरात. कोलेन्सो म्हणतो, ठीक आहे, हा आकडा खरा धरू आणि उरलेली कथा त्यावर तपासू.

पहिलं उदाहरण, दर्शनमंडपाचं, म्हणजे प्रवासातल्या उपासना-तंबूचं, दार. लेवीय ८ मध्ये सगळी मंडळी दारापाशी जमवायला सांगितली आहे. मंडपाची रुंदी १० हात, म्हणजे साधारण १८ फूट. माणशी २ फूट धरले तर एका रांगेत ९ जण. ६,०३,५५० भागिले ९, म्हणजे ६७,०६१ रांगा. दोन रांगांत दीड फूट अंतर ठेवलं तरी लांबी एक लाख फुटांवर जाते, म्हणजे १९ मैल. यात अजून बायकामुलं धरलेलीच नाहीत. दार सोडून सगळं अंगण वापरायचं म्हटलं तर ते १०० हात बाय ५० हात. मंडपाची जागा वजा जाता १,६९२ चौरस यार्ड उरतात. दाटीवाटीने उभे राहिले तरी पाचेक हजार माणसं मावतील.

दुसरं, बाळंतपणाची अर्पणं. वीस लाखांची वस्ती म्हणजे तेव्हाच्या लंडनएवढी, म्हणून त्याने लंडनचा जन्मदर घेतला: रोज २६४ जन्म. लेवीय १२ प्रमाणे प्रत्येक जन्मामागे एक होमार्पण, एक पापार्पण. रोजची ५२८ अर्पणं, प्रत्येकी ५ मिनिटं धरली तर २,६४० मिनिटं, म्हणजे ४४ तास. याजक किती? अहरोन, एलाजार, इथामार, असे तीनच. आणि पापार्पणाचं पाखरू याजकानेच खायचं असा नियम. २६४ भागिले ३. प्रत्येकाने रोज ८८ कबुतरं खायची.

तिसरं, वंशवाढ. ज्यांच्यापासून इस्राएली वंश चालला त्या याकोबाच्या बारा मुलांना सरासरी साडेचार मुलगे, तेही कथेतूनच निघतं. पिढ्या मोजा: ५४, मग २४३, मग १,०९४, मग ४,९२३. सहा लाखांच्या जागी पाच हजारसुद्धा भरत नाहीत.

यात कुठेही तत्त्वज्ञान नाही, फक्त भागाकार-गुणाकार आहेत. म्हणून तर इंग्लंडातला साधा वाचक हादरला. जर्मन पंडितांची टीका कळायला हिब्रू लागायचं, ही पडताळायला शाळेतली पाटी पुरत होती.

माळरान

ज्येष्ठ पुत्रांचा हिशोबही त्यात आहे ना? गणना ३ मधला २२,२७३ चा आकडा. त्याला धर्माच्या बाजूने उत्तर दिलं गेलं होतं असं वाचल्याचं आठवतं.

पाटीपेन्सिल

@माळरान, आहे. सगळ्या वयाचे पुरुष नऊ लाख धरा आणि २२,२७३ ने भागा. भागाकार चाळीसच्या वर जातो. म्हणजे प्रत्येक आईला चाळीसहून जास्त मुलगे.

उत्तर असं दिलं जातं की ही मोजणी फक्त मिसरातून निघाल्यानंतर जन्मलेल्या ज्येष्ठ पुत्रांची आहे, जेमतेम वर्षभरातली. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण तेही मोजून पाहा. रोज २६४ म्हणजे वर्षाला ९६,३६० जन्म. त्यातले मुलगे अर्धे, ४८,१८०. त्यात २२,२७३ ज्येष्ठ म्हणजे शंभरातले ४६. जिथे घरटी चार-पाच मुलं होतात तिथे पहिलटकरणीचे मुलगे शंभरात वीस-पंचवीस निघतील. सेहेचाळीस आणायचे तर त्याच वर्षी लग्नांची लाटच यायला हवी.

तळटीप

धागाकर्त्याशी मी बराचसा सहमत आहे. पाटीपेन्सिल यांचे आकडे बरोबर आहेत, प्रश्न आकड्यांचा नाहीच. आकडे अशक्य निघाले म्हणून पुढे काय, हा प्रश्न आहे. इंग्रज समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने जानेवारी १८६३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता: या भागाकारांनी अडाण्याला काही उन्नत मिळत नाही आणि जाणत्याला काही नवं कळत नाही.

शिवाय मूळ शब्दाकडे कोलेन्सोने पुरेसं पाहिलं नाही. हिब्रूतला ‘एलेफ’ म्हणजे हजार, तसंच कूळ किंवा तुकडीसुद्धा. गणना १ उघडा. रऊबेन ४६,५००, शिमोन ५९,३००, गाद ४५,६५०. हेच ‘४६ तुकड्या, ५०० माणसं’, ‘५९ तुकड्या, ३०० माणसं’ असं वाचा. बाराही वंशांची बेरीज केली तर ५९८ तुकड्या आणि ५,५५० माणसं. सहा लाखांचा डोंगर तिथेच खाली बसतो.

पाटीपेन्सिल

आणि ५,५५० हे कोलेन्सोच्या ४,९२३ च्या किती जवळ येतं पाहा! ही जवळीक योगायोगाची असू शकते, त्यावर मी इमारत बांधणार नाही. पण तुमच्या वाटेतही एक खड्डा आहे. त्याच अध्यायात शेवटी एकूण बेरीज ६,०३,५५० अशी दिली आहे. ५९८ हजार अधिक ५,५५०. म्हणजे ज्याने ती बेरीज लिहिली त्याने ‘एलेफ’ हजार म्हणूनच वाचला होता. ‘तुकडी’ हा अर्थ घ्यायचा तर ती बेरीज नंतरच्या कुणाची तरी, हे मान्य करावं लागतं. आणि पंचग्रंथ एकाच हातचा नाही हेच तर कोलेन्सोचं म्हणणं होतं.

तळटीप

मान्य. या मुद्द्यावर मी एक पाऊल मागे घेतो.

पण खरं मोल पहिल्या भागाचं नाही, हे अजूनही म्हणेन. १८६२ ते १८७९ मध्ये सात भाग निघाले. पहिल्या भागावर गदारोळ झाला, पुढचे फार कुणी वाचलेच नाहीत. त्या काळी पंडितांची समजूत अशी की, पंचग्रंथ वेगवेगळ्या काळी लिहिलेल्या थरांचा बनलेला आहे आणि त्यातला याजकी विधी, वंशावळी आणि आकडे असलेला थर सगळ्यात जुना, म्हणून सगळ्यात भरवशाचा. कोलेन्सोच्या हिशोबांचा दणका नेमका त्याच थराला बसला. हॉलंडमधल्या लायडनचा बायबल-पंडित अब्राहम कूनेन याने हे ओळखलं आणि तो थर सगळ्यात उशिराचा असावा या दिशेला तो वळला, आणि कोलेन्सोचं ऋण त्याने मोकळेपणी मान्यही केलं. कोलेन्सो स्वतः मात्र त्या थरातल्या कथांपुरता जुन्याच क्रमाला धरून राहिला. दार त्याने उघडलं, आत दुसरे शिरले.

शब्दवेडी

थर-थर म्हणजे काय हे हिब्रूशिवायही बघता येतं. घरात मराठी पवित्र शास्त्र असेल तर उत्पत्तीचं पुस्तक उघडा. पहिल्या अध्यायात सबंध सृष्टी निर्माण करणारा ‘देव’ आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून तोच एकदम ‘परमेश्वर देव’ होतो. मराठी भाषांतरकारांनी ‘एलोहीम’साठी देव आणि ‘याहवे’साठी परमेश्वर हा भेद काटेकोर पाळला, म्हणून सांधा आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मग निर्मितीचा क्रम ताडून पाहा. पहिल्या अध्यायात आधी पशू, शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग पशू.

देवाच्या नावाचा हाच प्रश्न कोलेन्सोपुढे झुलू भाषांतर करताना आला. आधीचे मिशनरी ‘उथिक्सो’ हा शब्द वापरत. तो झुलू नाहीच, तो खोईखोई भाषेतून खोसामार्गे आलेला. कोलेन्सोने झुलूंनाच विचारलं, तुम्ही आदिपुरुषाला, निर्मात्याला काय म्हणता? उत्तरं मिळाली ‘उन्कुलुन्कुलु’, सगळ्यात थोर, सगळ्यात जुना, आणि ‘उम्वेलिंगांगी’, पहिल्याने प्रकटलेला. लोकांकडे देवाची ओळख आधीपासून आहे आणि आपण तिच्यावर पुढचं सांगायचं, हे त्याचं धर्मशास्त्र या एका शब्दनिवडीत येतं. आज झुलू ख्रिस्ती माणूस देवाला उन्कुलुन्कुलु म्हणतो.

आणि पंचग्रंथाची सुरुवात पाटीवर नाही, भाषांतराच्या मेजावर झाली, हे विसरू नये. विल्यम एन्गिडी हा त्याचा झुलू सहकारी. जलप्रलयाचा भाग झुलूत आणताना त्याने विचारलं, हे सगळं खरंच असं घडलं का? गरम देशांतले, थंड देशांतले सगळे प्राणी जोडीजोडीने आले? आणि शिकारी पशुपक्ष्यांसाठीसुद्धा नोहाने अन्न गोळा केलं? ‘हो’ म्हणायला कोलेन्सोची जीभ रेटेना. इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी यावरून थट्टा केली की बिशप झुलूंना धर्मांतरित करायला गेला आणि झुलूंनी त्यालाच केलं. मला ती थट्टा वाटत नाही. शिष्याचा प्रश्न इतका मनाला लावून घेणारा गुरू कितीदा भेटतो?

कोर्टकचेरी

खटल्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हा भाग बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितला जातो.

केप टाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने नोव्हेंबर १८६३ मध्ये महाधर्माध्यक्ष या नात्याने खटला चालवला. आरोप नऊ: सनातन नरकशिक्षा नाकारणं, ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताचा रूढ अर्थ नाकारणं, शास्त्र हेच ईश्वरवचन न मानता त्यात ईश्वरवचन आहे असं म्हणणं, वगैरे. कोलेन्सो गेलाच नाही. त्याच्या वतीने भाषापंडित विल्हेल्म ब्लेक यांनी फक्त निषेध नोंदवला: तुम्हाला हा अधिकारच नाही. १६ डिसेंबरला ग्रेने पदच्युतीचा निकाल दिला आणि मत मागे घ्यायला काही महिन्यांची मुदत दिली.

आता कायद्याची मेख. दोघांचीही पदं राणीच्या सनदांनी निर्माण झालेली. कोलेन्सोची सनद २३ नोव्हेंबर १८५३ ची. ग्रेला महाधर्माध्यक्ष करणारी नवी सनद ८ डिसेंबर १८५३ ची. म्हणजे वरिष्ठाचा अधिकार कनिष्ठाच्या नेमणुकीनंतर पंधरा दिवसांनी जन्माला आला. पण वसाहतींतली अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याहून खोल मुद्दा धरला. २० मार्च १८६५ च्या निकालात लॉर्ड वेस्टबरी म्हणाले की ज्या वसाहतीला स्वतःचं विधिमंडळ मिळालं आहे तिथे राणीला नुसत्या सनदेने सक्तीची अधिकारिता असलेलं धर्मन्यायालय उभारता येत नाही. सबब ग्रेचा निकाल कायद्याच्या दृष्टीने शून्य.

हा निकाल कोलेन्सोच्या मतांना उचलून धरतो असं लिहिलं जातं, ते साफ चूक. मतं बरोबर की चूक हा प्रश्न कौन्सिलने हातीच घेतला नाही. आणि ही तलवार दुधारी होती. ग्रेची सनद अधिकार देत नसेल तर कोलेन्सोची तरी स्वतःच्या धर्मगुरूंवर कुठला अधिकार देते?

खडीसाखर

मग पगाराचं आणि चर्चच्या इमारतीचं काय झालं? निकाल काहीही असो, भांडण शेवटी तिथेच येतं.

जुनी_वही

@खडीसाखर, तिथेच आलं. वसाहतींच्या बिशपांसाठीच्या निधीच्या विश्वस्तांनी त्याचं वेतन रोखलं. विश्वस्तांत ग्लॅडस्टन होते. कोलेन्सोने दावा लावला, १८६६ मध्ये लॉर्ड रोमिली यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि वेतन सुरू झालं. मिशन संस्थेची मदत मात्र तुटली ती तुटलीच.

७ जानेवारी १८६६ ला पीटरमारित्झबर्गच्या कॅथीड्रलमध्ये डीन ग्रीनने ग्रेचा बहिष्काराचा ठराव वाचून दाखवला. इमारत तरीही कोलेन्सोकडे राहिली, कारण मालमत्ता ‘नातालच्या बिशप’च्या नावे होती आणि कायद्याने तो बिशप हाच. म्हणून १८६९ मध्ये ग्रेच्या बाजूने मक्रोरी यांना अभिषेक झाला तो ‘मारित्झबर्गचा बिशप’ म्हणून, नातालचा म्हणून नाही. त्यांच्यासाठी सेंट सेव्हियर्स हे वेगळं कॅथीड्रल उभं राहिलं. एकाच गावात सेंट पीटर्स आणि सेंट सेव्हियर्स, दोन बिशप, दोन मंडळ्या.

या भांडणाचा धूर लंडनपर्यंत गेला. सप्टेंबर १८६७ मध्ये जगभरचे ७६ अँग्लिकन बिशप पहिल्यांदा लॅम्बेथला जमले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. कोलेन्सोला बोलावणं नव्हतं.

नदीकाठ

बहुपत्नीत्वाचा मुद्दा राहून चालला आहे. त्याच्या धर्मशास्त्राचा सगळ्यात टिकाऊ भाग मला तोच वाटतो.

इतर मिशन्यांचा नियम असा: बाप्तिस्मा हवा तर एक बायको ठेव, बाकीच्या सोड. कोलेन्सोने १८५५ पासून याला विरोध केला. कारणं व्यवहारातली होती. एक, सोडायची कुणाला? पहिली ठेवायची तर धाकटीची तान्ही पोरं कुणाची? दोन, लग्न लोबोला देऊन, म्हणजे गुरं देऊन, दोन घराण्यांत ठरलेलं. बाई माहेरी परत गेली तर गुरं परत मागायची का, आणि दिली नाहीत तर? तीन, तिचा काही दोष नसताना तिला परित्यक्ता करायचं, तेही ख्रिस्ताच्या नावाने? एकपत्नीत्व हाच ख्रिस्ती आदर्श हे तो मानत होताच. बाप्तिस्म्यानंतर नवं लग्न नाही, पण आधीचं तोडायचंही नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

१८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने ठराव केला की बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा नाही. १९८८ च्या परिषदेने, ठराव २६ मध्ये, तो द्यायला परवानगी दिली. अटी: आहेत त्या बायका जिवंत असेपर्यंत पुन्हा लग्न करणार नाही असं वचन, स्थानिक मंडळीची संमती, आणि कुठल्याही बायकोला सोडायची सक्ती नाही, कारण तिचे सामाजिक हाल होतात.

माळरान

हे सगळं मान्य करूनही एक बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर चित्र गोड होईल. पहिली वीस वर्षं कोलेन्सो वसाहतीच्या कारभाराचा टीकाकार नव्हताच. देशी कारभाराचा सर्वेसर्वा थिओफिलस शेपस्टन हा त्याचा जिवलग मित्र. एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचं ठिकाण, इथली त्याची शाळा भरली ती शेपस्टनने टोळीप्रमुखांना आपले मुलगे पाठवायला लावले म्हणून. मुलगे शिकतील आणि सरकारच्या हाताशीही राहतील, हा हेतू लपलेला नव्हता. ब्रिटिश राज्य नीट चाललं तर झुलूंच्या भल्याचंच आहे, हे तो शेवटपर्यंत मानत राहिला. ‘झुलूंचा कैवारी’ म्हणताना हे विसरू नये.

जुनी_वही

@माळरान, बरोबर आहे. म्हणूनच १८७३ ला मी इतकं महत्त्व देतो. मैत्री तिथे तुटली, आणि तुटली ती एका कोटावरून.

नातालमधल्या ह्लुबी टोळीचा प्रमुख लांगालिबालेले. त्याची तरुण पोरं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत राबून मजुरीत बंदुका आणत. नातालचा कायदा म्हणे, नोंदणी करा. नोंदणीला नेलेली बंदूक धड परत येईल याचा भरवसा नाही, म्हणून लोक कां-कूं करू लागले. त्याला राजधानीत बोलावलं, तो गेला नाही. फौज निघाली तसा तो ड्राकेन्सबर्ग ओलांडून पळाला. ४ नोव्हेंबर १८७३ ला खिंडीत चकमक झाली, सरकारी बाजूचे पाच मेले. मग ह्लुबींची वस्ती उद्ध्वस्त, गुरं जप्त. जानेवारी १८७४ मध्ये खटला. न्यायासनावर लेफ्टनंट गव्हर्नर पाइन स्वतः, ‘सर्वोच्च प्रमुख’ या नात्याने. आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी करणारा वकील नाही. शिक्षा जन्मठेप, रॉबेन बेटावर.

आरोपातला एक मोठा पुरावा असा: सरकारी जासूद माहोयिझा याला लांगालिबालेलेने नागवं करून अपमान केला, म्हणजे राजद्रोह. कोलेन्सोने ह्लुबी साक्षीदारांना गाठून एकेकाला विचारलं. कुणाच्या देखत? अंगावर काय काय होतं? काय काढायला सांगितलं? उत्तर सगळीकडून एकच. कोट उतरवायला लावला, बाकीचे कपडे अंगावर तसेच. कोट कशाला? आत पिस्तूल आहे का बघायला. आणि ही भीती आली कुठून? १८५८ मध्ये शेपस्टनच्या भावाने, जॉनने, मात्याना नावाच्या प्रमुखाला बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि हत्यारं लपवून ठेवून पकडायला पाहिलं. ते ह्लुबी विसरले नव्हते. एका कोटामागे पंधरा वर्षांपूर्वीचा विश्वासघात निघाला, आणि तोही मित्राच्या घरातला.

कोलेन्सो १८७४ मध्ये लंडनला गेला, वसाहतमंत्री कार्नार्व्हनपुढे सगळं मांडलं. पाइनला परत बोलावलं गेलं. लांगालिबालेलेला १८७५ मध्ये बेटावरून मुख्य भूमीवर आणलं. नातालात परतायला मात्र त्याला १८८७ उजाडलं.

तळटीप

हे वाचून एक लक्षात येतं आणि ते धागाकर्त्याच्या मूळ मताच्या विरुद्ध जातं. साक्षीदाराचं विधान खरं धरा, त्यातून काय काय निघेल ते मोजा, मग बाकीच्या विधानांशी ताडा. माहोयिझाच्या कोटाला जी पद्धत लावली तीच मंडपाच्या दाराला लावली होती. झुलू युद्धातही तेच. बिशपस्टो या आपल्या घरच्या छापखान्यात तो सरकारी कागदपत्रांतले उतारे आणि त्यांना छेद देणारे दुसरे सरकारी उतारे शेजारी-शेजारी छापून विलायतेला पाठवत असे.

कोर्टकचेरी

अवांतर, पण आपल्याकडचा धागा आहे म्हणून. झुलू युद्ध लादणारा उच्चायुक्त म्हणजे सर बार्टल फ्रिअर. हाच आधी साताऱ्याचा रेसिडेंट होता. १८४८ मध्ये महाराज वारल्यावर दत्तक मान्य करावा असं त्याचं मत होतं. डलहौसीने ऐकलं नाही, संस्थान खालसा झालं आणि पुढचा कारभार फ्रिअरनेच पाहिला. १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नरही तोच. फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्या नावे व्हायचं होतं.

नातालात सीमेच्या वादावर नेमलेल्या आयोगाने १८७८ मध्ये बव्हंशी झुलूंच्या बाजूने अहवाल दिला. फ्रिअरने तो महिनोन् महिने दाबून ठेवला आणि ११ डिसेंबरला सीमेचा निवाडा वाचला त्याच दिवशी निर्वाणीचा खलिताही दिला: सैन्यव्यवस्था मोडा, मुदत तीस दिवस. झुलू राजा सेच्वायोने ते मान्य करणं शक्यच नव्हतं. कोलेन्सोने फ्रिअरला पत्रांमागून पत्रं लिहून यातली विसंगती दाखवली.

नदीकाठ

२२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाच्या लढाईत इंग्रजांकडचे तेराशेहून जास्त मेले. नातालभर सूडाची भाषा चालली होती. सरकारने प्रार्थनेचा आणि नम्रतेचा दिवस ठरवला, १२ मार्च. कोलेन्सोने वचन घेतलं मीखा ६:८, न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर राहून नम्रपणे चाल. आणि ज्यांची माणसं नुकतीच मेली होती त्यांच्यापुढे विचारलं, की या झुलूंशी वागताना आपण कुठे न्याय केला, कुठे दया दाखवली? मेलेल्या झुलूंबद्दलही त्याच प्रवचनात तो शोकाने बोलला. बहिष्कार झाला तेव्हा त्याच्यामागे उभे राहिलेले बरेच गोरे लोक या काळात त्याला सोडून गेले.

जुनी_वही

तळटीप आणि पाटीपेन्सिल, माझा ‘कच्चा’ हा शब्द मी मागे घेतो. पहिल्या भागात त्याने आकड्यांवर नको इतका भर दिला, हे अजूनही वाटतं. पण १८६२ चा माणूस वेगळा आणि १८७४ चा वेगळा असं धरून मी निघालो होतो, ते टिकत नाही. माळरान यांचा मुद्दा मात्र उभा आहे. कोटाची चौकशी त्याने केली, पण ब्रिटिश सत्ता तिथे कोणत्या हक्काने होती याची चौकशी त्याने कधीच केली नाही.

माळरान

ती त्याच्या छापखान्यात वाढलेल्यांनी पुढे नेली असं म्हणता येईल. मागेमा फुझे एकुखान्येनीच्या शाळेत शिकला, तिथेच खिळे जुळवायला शिकला. १९२२ मध्ये आपल्या लोकांचा इतिहास त्याने झुलूत लिहून प्रसिद्ध केला. आणि थोरली मुलगी हॅरिएट. बाप गेल्यावर वर्षभरात, १८८४ मध्ये, बिशपस्टो जळालं. तरी तिने सेच्वायोचा मुलगा दिनुझुलू याच्या खटल्यात आणि सेंट हेलेनाच्या हद्दपारीत त्याची बाजू लावून धरली.

खडीसाखर

शीर्षकात ‘सोबान्तू’ आहे, त्याचा अर्थ कुणी सांगेल का?

शब्दवेडी

@खडीसाखर, ‘सो’ म्हणजे अमक्याचा बाप, ‘अबान्तू’ म्हणजे माणसं. माणसांचा बाप. झुलूंनी दिलेलं नाव. सेंट पीटर्समध्ये वेदीसमोर त्याला पुरलं, त्या शिळेवर हेच नाव कोरलं आहे. पीटरमारित्झबर्गच्या एका वस्तीचं नावही त्याच्यावरून सोबान्तू आहे, आजही.